झटपट लोणच्याचा संच: पेटीतलं काय कामाचं, काय अडगळ

फ्रिजमध्ये ठेवायच्या भाज्यांच्या झटपट लोणच्यासाठी म्हणून जे तयार संच विकले जातात, त्यांच्या पेटीत ठरलेला ऐवज असतो. रुंद तोंडाच्या दोन-तीन काचेच्या बरण्या, पत्र्याची फिरकीची झाकणं, एखाद्या झाकणाला जोडलेला एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी एकतर्फी झडप), काचेची गोल वजनं, लाकडी दट्ट्या, मसाल्याची पुडी, कधी पीएच म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या आणि चार पानांची पुस्तिका. निकाल आधीच सांगून टाकतो. बरण्या चांगल्या, वजनं कामाची, झाकणं बदलून घ्यावी लागतात, एअरलॉक आणि दट्ट्या या कामाचे नव्हेतच. पुस्तिका मात्र जपून वाचावी.

एअरलॉक पेटीत का असतो? कारण संच बनवणाऱ्यांनी दोन वेगळ्या कृतींची सरमिसळ केलेली असते. आंबवलेल्या लोणच्यात भाज्या नुसत्या मिठाच्या पाण्यात घालून खोलीच्या तापमानाला ठेवतात. जिवाणू भाजीतली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो बाहेर जावा पण बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून एअरलॉक लागतो. झटपट लोणच्यात आंबटपणा आपण व्हिनेगरच्या रूपाने बाहेरून ओततो आणि बरणी थेट फ्रिजमध्ये जाते. तिथे जिवाणूंनी काही करणं अपेक्षितच नाही, त्यामुळे गॅसही नाही. या लोणच्यात एअरलॉकला काम मिळायला लागलं तर खार (व्हिनेगर, पाणी, मीठ आणि साखरेचं मिश्रण) पातळ पडला आणि आत काहीतरी वाढतंय असं समजावं. दट्ट्याचंही तेच. मीठ चोळलेला कोबी दाबून त्याचंच पाणी वर आणायला तो बरा; झटपट लोणच्यात त्याने काकडीच्या चकत्या दाबल्या तर त्या फुटतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि मधल्या चकत्यांपर्यंत खार पोचत नाही. बरणी हाताने भरावी, मग ओट्यावर कापड ठेवून त्यावर दोन-तीनदा हलकेच आपटावी. तेवढी दाटी पुरते.

आता बरणी. तोंड रुंद हवं हे सगळेच सांगतात, पण किती रुंद हे कुणी सांगत नाही. फिरकीच्या झाकणाच्या मेसन धाटणीच्या बरण्या दोन मापांत येतात, ७० मिमी आणि ८६ मिमी. ७० मिमीच्या तोंडातून चिमटा जातो, हात जात नाही, आणि बहुतेक काचेची वजनंही जात नाहीत. ८६ मिमीचीच घ्यावी. दुसरी गोष्ट, बरणीला खांदा आहे का पाहावं. तोंडाकडे निमुळती होणारी बरणी असेल तर गाजराचे, काकडीचे उभे काप खांद्याखाली अडकून राहतात आणि वजनाशिवायही बुडालेले राहतात. सरळ भिंतींची बरणी धुवायला सोपी, पण तिच्यात चकत्या हमखास वर तरंगतात. उभे काप करणार असाल तर खांद्याची आणि चकत्या करणार असाल तर सरळ, असा सोपा हिशेब.

अर्ध्या लिटरच्या बरणीत चिरलेली भाजी २५० ते ३०० ग्रॅम बसते आणि वरून खार २२५ ते २७५ मिली लागतो. लिटरच्या बरणीला याच्या दुप्पट. पुस्तिकेत जर लिटरच्या बरणीला एक कप खार लिहिला असेल तर तो अर्ध्यापर्यंतच येईल. वरून साधं पाणी घालून ती भर काढायची नाही. आहे त्याच प्रमाणात आणखी खार करायचा.

काच कोणती हे पेटीवर लिहिलेलं नसतं. बहुधा ती साधी सोडा-लाइम काच असते आणि तिला एकदम ताप सोसत नाही. उकळता खार थंड बरणीत ओतला की तळाच्या कडेने गोल तडा जातो आणि सगळं लोणचं ओट्यावर. बरणी आधी गरम पाण्याने विसळावी, लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या कापडावर ठेवावी, आणि खार गॅस बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबून ओतावा. दगडी ओट्यावर बरणी ठेवून गरम खार ओतू नये. वरून ताप आणि खालून गारवा असा दुहेरी ताण पडतो. फ्रिजमधून काढलेल्या बरणीत गरम काही ओतायचा विचारही नको.

संचातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे झाकण. पत्र्याच्या झाकणाला आतून लेप असतो. तो शाबूत आहे तोवर ठीक, पण चमच्याचा ओरखडा उठला किंवा कडेच्या वळीत खार साचला की ॲसिटिक आम्ल पत्र्याला लागतं. आधी कडेला तांबूस रेघ, मग आट्यांत गंज, मग झाकण उघडताना गंजाचे कण लोणच्यात. यावर उपाय सोपा आहे: त्याच मापाची प्लास्टिकची झाकणं वेगळी मिळतात, ती घ्यावीत. पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे त्रिकोणात ५ आकडा असलेली, व्हिनेगरला टिकतात. आत सिलिकॉनची रिंग नसेल तर बरणी आडवी केल्यावर गळते, पण फ्रिजमध्ये ती उभीच राहणार असल्यामुळे फरक पडत नाही. तारेच्या चापाची, रबरी रिंगची बरणीही चालते, मात्र त्या रबरात लसणाचा वास मुरतो. रिंग काढून धुवावी लागते. न काढता धुतली तर तिच्याखालच्या खाचेत काळी बुरशी धरते. बरणी बाहेरून लख्ख दिसते म्हणून हे लक्षात येत नाही.

पत्र्याच्या झाकणाची दुसरी गोष्ट मात्र गंजापेक्षा गंभीर आहे. गरम खार ओतून झाकण लावलं की बरणी निवताना आतली वाफ आकसते, झाकण आत ओढलं जातं आणि ‘टक्’ असा आवाज येतो. काही पुस्तिका याला ‘सील झालं’ म्हणतात. ते हवाबंद झालेलं असतं, टिकाऊ झालेलं नसतं. बाहेर टिकवायच्या लोणच्याच्या भरलेल्या बरण्या ठरलेला वेळ उकळत्या पाण्यात ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी तपासून ठरवलेलं प्रमाणच वापरावं लागतं. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू पीएच ४.६ च्या खाली वाढत नाही (आकडा जितका खाली, तितकं आंबट). आपल्या अंदाजपंचे खारातली जाडजूड फोड आतपर्यंत ४.६ च्या खाली गेली की नाही हे झाकणाच्या आवाजावरून कळायला मार्ग नाही. ‘टक्’ झालं तरी बरणी फ्रिजमध्येच, आणि तीही निवल्याबरोबर.

वजनांबद्दल तक्रार फक्त एक: वर पकडायला बोंड नसलेली सपाट काचेची चकती खारात पडली की निघता निघत नाही. बोंडाची घ्यावी, आणि बरणीच्या तोंडापेक्षा ती चार-पाच मिमी लहान असावी. फ्रिजमधल्या लोणच्याला वजन आंबवलेल्याइतकं अटळ नाही. वर आलेली फोड आधी फिकट पडते, सुकते, चवीला कच्ची राहते, आणि बुरशी धरायची तर तिथेच आधी धरते. वजन नसेल तर खाण्याच्या पदार्थांना चालणारी छोटी झिपची पिशवी खाराने भरून वर ठेवावी. पाण्याने नको: फुटली तर खार पातळ होईल. कोबीचं जाड पान घडी करून खांद्याखाली खोचलं तरी भागतं.

याच दुकानांत आणखी तीन प्रकार दिसतात, त्यांचंही सांगून टाकतो. पहिली डमरूसारखी दुतोंडी बरणी, मधोमध चाळणी असलेली. उलटी केली की खार खालच्या भागात उतरतो आणि फोडी कोरड्या वर राहतात. कल्पना छान, पण भाजी फक्त एका भागात बसते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या लोणच्याला लिटरभराची जागा अडते. मधल्या सांध्याची रिंग सैल झाली की गळते, आणि कुणी खाऊन झाल्यावर बरणी परत पालथी करायला विसरलं की फोडी रात्रभर खाराबाहेर. बहुतेक ती प्लास्टिकची असते, त्यामुळे बीट आणि लसूण तिच्यात कायमचे राहायला येतात. दुसरा प्रकार उचलायच्या चाळणीचा. काचेच्या बरणीत दांडी असलेली जाळी, ती वर ओढायची. हा खरोखर सोयीचा आहे. बोटं किंवा उष्टा चमचा आत जात नाही, हा त्याचा खरा फायदा. जाळी मोहरी धरून ठेवत नाही, पण त्याने काही अडत नाही.

तिसरा जपानी धाटणीचा स्प्रिंगचा डबा, झाकणातला स्क्रू फिरवला की आतली पट्टी भाजी दाबते. हा व्हिनेगरच्या खारासाठी नाही. काकडी किंवा कोबीच्या वजनाच्या २ टक्के मीठ, म्हणजे ५०० ग्रॅमला १० ग्रॅम, चोळून दाबून ठेवलं की तीन-चार तासांत भाजी स्वतःच्याच पाण्यात बुडते. त्या कामात तो पहिल्या नंबरचा. पण त्या लोणच्यात आम्ल नसतं, म्हणून दोन-तीन दिवसांत संपवायचं. महिनाभर टिकेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

हातपंपाचे निर्वात डबेही ‘दहा मिनिटांत लोणचं’ म्हणून विकले जातात. दाव्यात थोडं तथ्य आहे. हवा ओढली की काकडीच्या पोकळ्यांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, आणि झडप उघडली की बाहेरच्या दाबाने खार त्या पोकळ्यांत शिरतो. चकती डोळ्यांदेखत पांढरटाची काचेसारखी आरपार होते. पाच मिनिटं ओढून ठेवायचं, झडप उघडायची, असं दोन-तीनदा. खार मात्र थंडच हवा; कोमट खारही कमी दाबात वाफाळतो आणि पंपात शिरतो. काकडी, कलिंगडाचा पांढरा गर, सफरचंद यांवर जोरात चालतं. गाजरावर जवळजवळ नाहीच, कारण ओढून काढायला त्यात हवाच कमी.

एवढं झालं तरी लोणच्याचं बरंवाईट ठरतं ते व्हिनेगरच्या बाटलीवरच्या एका आकड्यावर. पुस्तिकेतलं ‘व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं’ हे प्रमाण ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरसाठी आहे, आणि तेच तिथे लिहिलेलं नसतं. ५ टक्क्यांचं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी म्हणजे अडीच टक्क्यांचा खार. त्यात तितक्याच वजनाची भाजी बुडली की भाजीतलं पाणी बाहेर येतं (काकडी तर जवळजवळ ९५ टक्के पाणीच असते) आणि सगळं मिळून आम्लता सव्वा टक्क्याच्या आसपास स्थिरावते. आता ४ टक्क्यांची बाटली घ्या. तेच निम्मं-निम्मं केलं तर खार २ टक्क्यांचा आणि शेवटी उरतो १ टक्का. चवीला फारसा फरक कळत नाही, म्हणूनच हे घातक. ४ टक्के असेल तर पाच भाग व्हिनेगरला तीन भाग पाणी घ्यावं. ५०० मिली खारासाठी ३१५ मिली व्हिनेगर आणि १८५ मिली पाणी. आकडाच नसलेली बाटली किंवा घरी केलेलं व्हिनेगर सॅलडवर घालावं, लोणच्यात नको. आणि उलट टोकाला, सफाईसाठीचं तीव्र व्हिनेगर किंवा ॲसिटिक आम्लाचा अर्क घरी मोजूनमापून पातळ करायच्या फंदात पडू नये. तो अर्क कातडी भाजतो.

रंगाचं म्हणाल तर साधं पांढरं व्हिनेगर फ्लॉवर, मुळा, कांदा यांचा रंग जसाच्या तसा ठेवतं. सफरचंदाच्या व्हिनेगरने फ्लॉवर मळकट दिसतो, पण गाजर आणि बीट त्यात जास्त चवदार लागतात. तांदळाचं व्हिनेगर सौम्य असतं, कारण बऱ्याचदा त्याची आम्लताच ४ ते ४.५ टक्के असते. शिवाय ‘सीझन्ड’ लिहिलेल्या बाटलीत मीठ आणि साखर आधीच असतात, ती पुस्तिकेच्या प्रमाणात वापरली की लोणचं शिऱ्याइतकं गोड होतं. बाल्सॅमिक कशालाही बुडवायला नको.

आंबट कमी लागावं म्हणून व्हिनेगर घटवणं हा सगळ्यात जास्त होणारा घोळ. आंबटपणा बोचत असेल तर साखर वाढवा. साखर या लोणच्यात टिकण्यासाठी नसते, जिभेसाठीच असते, त्यामुळे ती हवी तेवढी कमी-जास्त करता येते. व्हिनेगर मात्र नाही. लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतात. त्यांना थोपवून धरतं ते आम्ल.

मिठाबद्दल पुस्तिका ‘एक मोठा चमचा’ म्हणते आणि गाडी तिथेच घसरते. १५ मिलीच्या मापाच्या चमच्यात बारीक मीठ १७-१८ ग्रॅम बसतं, तर पापुद्र्यासारखं हलकं भरड मीठ ८ ते १० ग्रॅम. एकाच चमच्याने एकाचं लोणचं आळणी आणि दुसऱ्याचं खारट. म्हणून वजनकाटा घ्या. संचावर घालवायचे पैसे आधी तिथे घाला असं आमचं स्पष्ट मत आहे. ५०० मिली खाराला १५ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर. ५०० ग्रॅम भाजीत ते मुरून शेवटी साधारण दीड टक्का मीठ होतं, जे खायला नेमकं लागतं. मीठ आयोडीनयुक्त असलं तरी चालतं. त्यातलं गुठळ्या होऊ न देणारं द्रव्य खार थोडा गढूळ करतं आणि तळाशी पांढरी साय दिसते. दिसायला वाईट, खायला निर्धोक.

खार करायला भांडं स्टीलचं किंवा न टवका गेलेल्या एनॅमलचं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड नको: आम्ल धातू ओढून घेतं आणि लोणच्याला धातूची चव येते. पाणी, मीठ, साखर आधी गरम करून विरघळवावं, मग व्हिनेगर घालून एक उकळी आली की गॅस बंद. उकळत ठेवलं तर पाणी उडून खार खारट होतो आणि घरभर झणका. पातेल्यावर तोंड नेऊन वास घेऊ नये, छातीत घेतल्यासारखं होतं.

खार गरम ओतायचा की गार, हा प्रश्न भाजीने सोडवायचा. २ मिमी चिरलेला लाल कांदा गरम खारात पंधरा मिनिटांत नरमतो, आम्लाने त्याचा जांभळा रंग गुलाबी होतो आणि अर्ध्या तासात खाता येतो. काकडीला गरम खार लागला की ती लिबलिबीत; तिला पूर्ण निवलेला खारच. काकडीच्या देठाच्या विरुद्ध टोकाला, जिथे फूल होतं, तिथे पेक्टिन (भाजीला घट्टपणा देणारं द्रव्य) विरघळवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. तिकडून दीड-दोन मिमीची चकती कापून टाकावी. एवढीशी चकती ठेवली म्हणून अख्खी बरणी मऊ पडलेली पुष्कळदा दिसते आणि दोष व्हिनेगरला दिला जातो. शिवाय ३ मिमीच्या चकत्यांना त्यांच्या वजनाच्या दीड टक्के मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवलं, निथळून घेतलं, की त्या जास्त करकरीत राहतात. मग खारातलं मीठ निम्मं करावं.

गाजर, फ्लॉवर गरम खारात कच्चेच गेले तरी चालतात. फ्लॉवर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात काढला तर खार आतपर्यंत लवकर जातो. फरसबी मात्र दोन-तीन मिनिटं उकळलीच पाहिजे. कच्ची घातली तर आठवड्यानंतरही चामड्यासारखी चिवट आणि गवताच्या वासाची राहते. मशरूम शिजवूनच. बीटही पूर्ण शिजवून, सोलून, आणि त्याला स्वतंत्र बरणी द्यावी.

जाडीकडे लक्ष ठेवा. खार फोडीत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. म्हणून ३ मिमीची काकडी दुसऱ्या दिवशी तयार, ६ मिमीचे गाजराचे काप दोन-तीन दिवसांनी, आणि अंगठ्याएवढे फ्लॉवरचे तुरे तीन दिवसांच्या आधी उघडू नयेत. ‘एका रात्रीत तयार’ असं पेटीवर छापलेलं असतं ते कांदा-काकडीपुरतंच खरं.

मसाल्याच्या पुडीत अख्खी मोहरी, मिरी, धणे, तमालपत्र असेल तर वापरा. लसणाची पूड, हळदपूड, तिखट असेल तर खार पहिल्याच दिवशी चिखलासारखा होतो, आणि मग पुढे खरंच काही बिघडून गढूळपणा आला तरी ओळखता येत नाही. लिटरच्या बरणीला दोन लहान चमचे मोहरी, एक चमचा मिरी, एक तमालपत्र, तीन-चार पाकळ्या लसूण आणि हवी असल्यास शेपूची काडी, बास. लसूण निळा-हिरवा झाला तर घाबरू नये. लसणातली गंधकाची संयुगं आम्लात अमिनो आम्लांशी मिळून तो रंग देतात, आणि थंडीत ठेवलेल्या लसणात हे जास्त होतं. मुळ्याच्या बरणीचं झाकण उघडल्यावर येणारा उग्र वासही गंधकाचाच. दोन मिनिटं उघडी ठेवली की जातो.

काही संचांत कॅल्शियम क्लोराईडची छोटी डबी असते. ही कामाची वस्तू. कॅल्शियम भाजीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि काकडी करकरीत राहते. अर्ध्या लिटरच्या बरणीला लहान चमच्याचा आठवा हिस्सा पुरतो. जास्त झालं की कडवट खारेपणा जिभेला लागतो. तुरटीची पुडी असेल तर बाजूला ठेवा. झटपट लोणच्यात तिने काही घट्टपणा येत नाही.

पीएच पट्ट्या १ ते १४ च्या असतील तर फेकून द्या असं म्हणणार नाही, पण इथे त्या निरुपयोगी आहेत. ३ आणि ४ मधला रंग डोळ्यांनी ओळखू येत नाही. साधारण २.८ ते ४.४ अशा अरुंद टप्प्याच्या पट्ट्या घ्याव्यात. तपासायचं ते चोवीस तासांनंतर, आणि नुसता खार नव्हे तर सगळ्यात जाड फोड थोड्या खारात ठेचून. खार पहिल्या मिनिटाला आंबटच असतो, प्रश्न फोडीच्या पोटाचा आहे. पट्टी अंदाज देते, नेमका आकडा नाही, म्हणून ४ च्या वर दिसलं तर ते लोणचं आठवडाभरासाठी ठेवू नये, लगेच खाऊन टाकावं. बीट आणि लाल कोबीच्या खारात पट्टीचा रंगच झाकला जातो, तिथे या पट्ट्या वापरू नयेत.

टिकण्याबद्दल पुस्तिका दोन महिने म्हणते. फ्रिज ४ अंश सेल्सियसला किंवा त्याखाली असेल, बरणी दाराच्या कप्प्यात नसून आत मागे असेल आणि प्रत्येक वेळी धुतलेला कोरडा काटा आत जात असेल, तर दोन ते चार आठवडे धरा. कांदा दोन आठवड्यांनंतर ढिला पडतो, गाजर महिना काढतं. पहिल्या दिवशीच्या गढूळपणाचं कारण मीठ किंवा मसाला. पाच-सहा दिवस स्वच्छ राहून मग गढूळ झाला, वर बुडबुडे आले, फोडी बुळबुळीत लागल्या किंवा झाकण फुगलं तर चव न घेता सगळं टाकावं. बुरशीचा ठिपका वरून काढून खालचं वाचवायचं नाही.

खार उरला की त्यातच नवी काकडी घालायचा मोह होतो, आणि काही पुस्तिका तसं सुचवतातही. हिशेब वर दिलाच आहे: पहिल्या खेपेला आम्लता अडीचवरून सव्वा टक्क्यावर आलेली असते, दुसऱ्या खेपेत ती आणखी निम्मी होते. नव्या फोडींना तेवढी पुरत नाही. पुन्हा उकळल्यानेही गेलेलं आम्ल परत येत नाही. तो खार तेलात फेटून सॅलडवर घालावा किंवा उकडलेल्या गरम बटाट्यांवर शिंपडावा. बटाटा तो चटकन पितो, आणि मग वरून मीठ घालताना हात आवरावा लागतो.